बेबचं स्टेटस

१९३५ सालच्या मे महिन्यात अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने, म्हणजे यूएसजीएने, टेक्सासच्या ताज्या महिला विजेतीला कळवलं की तू हौशी खेळाडू नाहीस, व्यावसायिक आहेस, तेव्हा यापुढे हौशी स्पर्धांमध्ये तुला खेळता येणार नाही. ठपका गोल्फमधून पैसे मिळवल्याचा नव्हताच. आधी तिने बास्केटबॉल आणि बेसबॉल खेळून पैसे घेतले होते, म्हणून खेळाच्या हितासाठी ती गोल्फमध्येही व्यावसायिक! आता तुम्ही म्हणाल, मग बिघडलं कुठे? व्यावसायिक तर व्यावसायिक, खेळायचं आणि पैसे मिळवायचे. पण मंडळी, गंमत तिथेच आहे. १९३५ साली अमेरिकेत बायकांसाठी व्यावसायिक गोल्फ नावाची गोष्ट जवळजवळ नव्हतीच. तिला भाग घेता येईल अशा नाव घेण्यासारख्या स्पर्धा शोधायला गेलं तर एक-दोन सापडाव्यात. म्हणजे ज्या धंद्यातली म्हणून तिला बाहेर काढलं, तो धंदाच अजून उघडलेला नव्हता.

ही बाई म्हणजे बेब डिड्रिक्सन, लग्नानंतरची बेब झहारियस. मी ह्यूस्टनला राहतो आणि कामानिमित्त बोमॉन्ट-पोर्ट आर्थर भागातल्या रिफायनऱ्यांकडे माझी ये-जा असते. ह्यूस्टनहून आय-टेन धरला की दीड तासात बोमॉन्ट येतं. हायवेला लागूनच तिच्या नावाचं एक छोटंसं म्युझियम आहे. एकदा काम लवकर आटोपलं म्हणून सहज आत शिरलो. गोल्फशी माझा संबंध तोवर टीव्हीवर चुकून लागलेलं चॅनल बदलण्यापुरताच होता. कपाटं भरून ट्रॉफ्या आणि पदकं, आणि ती एकाच खेळाची नाहीत, हे बघून मी चक्रावलो. नंतर जमेल तसं वाचत गेलो. तिच्या खेळाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. मला मात्र राहून राहून वाटतं की तिच्या आयुष्याची खरी गोष्ट फटक्यांची नाही, पैशांची आहे.

तिचा जन्म १९११चा, पोर्ट आर्थरचा. आईबाप नॉर्वेहून आलेले. बाप जहाजावरचा सुतार, पुढे फर्निचरला पॉलिश करणारा. आई लोकांचे कपडे धुऊन, इस्त्री करून चार पैसे जोडणारी. १९१५च्या चक्रीवादळानंतर कुटुंब बोमॉन्टला आलं, रिफायनरीच्या जवळच्या कामगार वस्तीत. (वादळानंतर बिऱ्हाड हलवणं हा या किनाऱ्यावरचा जुनाच रिवाज आहे.) बापाने मुलांसाठी परसात व्यायामाची साधनं केली, वजनं म्हणजे झाडूच्या दांड्याला बांधलेल्या आईच्या लोखंडी इस्त्र्या. पोरगी शेजाऱ्यांच्या कुंपणाच्या झुडपांवरून उड्या मारत गल्लीभर पळायची. शाळेच्या दिवसांत तिने पोती शिवण्याचं काम केलं, पोत्यामागे एक सेंट दराने. हे दर तिच्या कायम लक्षात राहिले असावेत असं तिच्या पुढच्या वागण्यावरून वाटतं.

१९३० साली डॅलसच्या एका विमा कंपनीने तिला महिना ७५ डॉलर्सवर नोकरी दिली. नाव टायपिस्टच्या कामाचं, पण खरं काम कंपनीच्या बास्केटबॉल टीममध्ये खेळण्याचं. आपल्याकडे रेल्वे किंवा बँका खेळाडूंना नोकरीवर ठेवतात, तोच प्रकार. खेळण्याचा पगार घेतला की तुम्ही व्यावसायिक, पण टायपिंगचा पगार घेऊन खेळलात तर हौशी! १९३२च्या जुलैत याच कंपनीने तिला इव्हान्स्टनला राष्ट्रीय मैदानी स्पर्धेला पाठवलं, टीम म्हणून एकटीला. एका दुपारी ती आठ प्रकारांत उतरली, पाच जिंकली, एकात पहिल्या नंबरची बरोबरी केली, आणि एकटीने ३० गुण मिळवून सांघिक विजेतेपद घेतलं. दुसऱ्या नंबरच्या इलिनॉयच्या टीममध्ये २२ मुली होत्या आणि गुणही २२. मी हे आकडे दोनदा तपासले. टायपिंगची चूक नाहीये ती.

त्याच उन्हाळ्यात लॉस एंजेलिसचं ऑलिंपिक. बायकांना तीनपेक्षा जास्त वैयक्तिक प्रकारांत उतरता येत नसे, म्हणून ती तीनच खेळली: भालाफेक आणि ८० मीटर अडथळ्यांची शर्यत यांत सुवर्ण, उंच उडीत रौप्य. पण ऑलिंपिकच्या पदकावर घर चालत नाही. वर्ष मंदीचं. डिसेंबरात एका मोटारीच्या जाहिरातीत तिचं नाव आणि फोटो झळकला, आणि हौशी मैदानी खेळांच्या संघटनेने तिला निलंबित केलं. नंतर त्यांनी निर्णय मागे घेतला, पण तोवर तिने ठरवलं होतं की हे नखरे बस्स झाले. ती रंगमंचावर माऊथ ऑर्गन वाजवू लागली, स्वतःच्या नावाची बास्केटबॉल टीम घेऊन गावोगाव फिरली, लांब दाढ्या राखणाऱ्या एका पंथाच्या पुरुषांच्या बेसबॉल संघातून बॉलिंग करू लागली. सर्कसच म्हणा ना. जगातली सर्वोत्तम महिला खेळाडू पोटासाठी सर्कशीत, कारण बायकांना खेळण्याचे पैसे देणारी दुसरी जागाच नव्हती.

मग तिने गोल्फ हातात घेतला. हातांना फोड येईपर्यंत, मग फोडांवर पट्ट्या बांधून, रोज शेकडो चेंडू. जाता जाता एक सांगतो: इंग्रजीत 'क्लब' म्हणजे या खेळातली काठी आणि 'क्लब' म्हणजे ती काठी जिथे फिरवायची ती सभासदांची संस्था. काठ्या हप्त्यावर मिळतात. दुसरा क्लब मिळायला बाप सुतार असून चालत नाही.

१९३५च्या एप्रिलमध्ये टेक्सासची महिला हौशी स्पर्धा ह्यूस्टनच्या रिव्हर ओक्स क्लबात होती. ह्यूस्टनकरांना रिव्हर ओक्स म्हणजे काय ते सांगायला नको. इतरांसाठी, तेलाचा पैसा जिथे झोपायला जातो ती वस्ती. ट्रक ड्रायव्हरच्या पोरींची आमच्या स्पर्धेत गरज नाही, असं एका खेळाडू बाईंनी ऐकवल्याची गोष्ट टेक्सासमध्ये अजून सांगतात. अंतिम सामना ३६ होलचा. ज्यांना गोल्फमध्ये गम्य नाही त्यांच्यासाठी: प्रत्येक होलवर ज्याला कमी फटके लागतात तो ते होल जिंकतो, आणि शेवटी होल मोजायची. ३४व्या होलवर बेबचा चेंडू चाकोरीतल्या चिखलपाण्यात जाऊन पडला. तिथून तिने तो थेट भोकात घातला! सामना तिने दोन होलने जिंकला. त्यानंतर तक्रार गेली, आणि मे महिन्यात सुरुवातीला सांगितलेलं ते पत्र आलं.

परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना 'स्टेटस' हा शब्द जरा वेगळाच झोंबतो. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एका गुजराती मोटेलवाल्या काकांचा कम्प्युटर दुरुस्त करून दिला. ते वीस डॉलर्स देत होते आणि मी दोन्ही हात मागे घेऊन उभा, कारण स्टुडंट स्टेटसवर बाहेर कमाई चालत नाही हे ओरिएंटेशनमध्ये मनावर ठसवलेलं. शेवटी काकूंनी डबाभर थेपले दिले. थेपले कमाईत धरतात का, हे मी कुणाला विचारलं नाही. सांगायचा मुद्दा, काम तेच असतं, माणूस तोच असतो, पण कुठल्या कागदावर कुठला शिक्का आहे त्यावर ते काम चांगलं की गुन्हा ते ठरतं. म्हणून बेबचं पुढचं वागणं मला लगेच कळलं. नियमाशी भांडण्यापेक्षा तिने नियम वाचला.

पण त्याआधी काही वर्षं तिने व्यावसायिक असण्याचे पैसे वसूल केले. जीन साराझेन या त्या काळच्या नामांकित गोल्फपटूबरोबर १९३५ साली गावोगाव प्रदर्शनी सामने खेळले. लोक तिचे लांब फटके बघायला यायचे, आणि ती फटक्याबरोबर दोन विनोदही मारायची. जानेवारी १९३८मध्ये ती चक्क पुरुषांच्या लॉस एंजेलिस ओपनमध्ये उतरली. स्पर्धा 'ओपन', आणि बायकांनी येऊ नये असा नियम कुठे लिहिलेला नव्हता! तिथे पुढच्या फेरीत काही ती गेली नाही, पण आयोजकांनी तिच्या गटात एक भला दांडगा पहिलवान घातला होता. जॉर्ज झहारियस, मूळचा ग्रीक कुटुंबातला, कुस्तीतून चिकार पैसे मिळवणारा. (आपल्या मातीतली कुस्ती नव्हे, तिकीट लावून रडण्याओरडण्याची नाटकं असतात ती.) डिसेंबरात दोघांनी लग्न केलं.

हे लग्न तिच्या कारकिर्दीच्या हिशेबात फार महत्त्वाचं आहे, आणि मी हे रुक्षपणे म्हणतोय हे मला ठाऊक आहे. यूएसजीएच्या नियमात परत हौशी होण्याची एक वाट होती: तीन वर्षं खेळातून एक पैसाही कमवायचा नाही. सुताराच्या मुलीला हे परवडणं शक्य नव्हतं. पहिलवानाच्या बायकोला परवडलं. १९४० साली तिने अर्ज केला आणि वाट बघत बसली. बसली म्हणजे काय, दरम्यान टेनिस शिकली आणि इतकी तयार झाली की स्पर्धेत उतरायला निघाली. तिथेही कळलं की दुसऱ्या खेळात व्यावसायिक म्हणजे इथेही व्यावसायिक. मग बोलिंग. अखेर जानेवारी १९४३मध्ये तिला हौशीपण परत मिळालं. वय तेव्हा एकतीस, आणि बाहेर महायुद्ध चालू, बहुतेक स्पर्धा बंद. खेळाडूच्या आयुष्यातली उमेदीची वर्षं अशी कागद हातात येण्यात गेली. ग्रीन कार्डच्या रांगेतल्यांनी इथे हवा तेवढा सुस्कारा सोडावा.

मात्र एकदा दार उघडल्यावर तिने जे केलं त्याला तोड नाही. १९४५च्या सुरुवातीला पुन्हा पुरुषांच्या स्पर्धांत उतरली, आणि फिनिक्स आणि टूसान इथे शेवटपर्यंत टिकून राहिली. त्यानंतर २००३मध्ये आनिका सोरेनस्टाम टेक्सासच्या कलोनियल स्पर्धेत उतरेपर्यंत, म्हणजे ५८ वर्षं, पुरुषांच्या त्या मुख्य टूरवर पुन्हा बाई दिसली नाही असं सर्वसाधारणपणे सांगतात. १९४६ साली बेबने अमेरिकेची महिला हौशी स्पर्धा जिंकली. १९४७च्या जूनमध्ये स्कॉटलंडच्या गलनला ब्रिटिश महिला हौशी स्पर्धा. ही स्पर्धा १८९३पासूनची, आणि तोवर एकाही अमेरिकन बाईला ती जिंकता आली नव्हती. बेबने जिंकली. सलग सतरा स्पर्धा जिंकल्या असं ती स्वतः सांगायची.

इथे माझ्यातला इंजिनीयर जागा होतो. सतराचा तो आकडा बरोबर यायचा तर १९४६ची स्पोकेनची महिला ओपन विसरावी लागते, जिथे ती हरली होती. ती वगळली नाही तर सलग विजय तेराच्या आसपास येतात. तेरा काय कमी आहेत? पण बेबला ते पुरेसे वाटत नसावेत. जन्मसालही ती १९१४ सांगायची. ऑलिंपिकनंतर आयुष्यात पहिल्यांदाच गोल्फ खेळले असंही सांगायची, प्रत्यक्षात बोमॉन्टच्या शाळेत असतानाच ती गोल्फ शिकली होती. मला याचा राग येत नाही. जिच्याकडे विकायला फक्त स्वतःचं नाव होतं, तिने किमतीच्या चिठ्ठीवर जरा मोठ्या अक्षरात लिहिलं, इतकंच.

आणि नावावर चिखलही कमी उडाला नव्हता. वर्तमानपत्रांतले मोठमोठे लेखक तिच्या दंडांबद्दल आणि छोट्या केसांबद्दल काय काय लिहीत. न्यूयॉर्कच्या एका स्तंभलेखकाने तर असल्या बायकांनी घरी बसून नटूनथटून फोन वाजायची वाट बघावी असा सल्ला छापला होता. पुढे बेबने केस वाढवले, लिपस्टिक लावू लागली. फोर्ट वर्थच्या बर्था बोवेन या मैत्रिणीने तिला दुकानात नेऊन चांगले कपडे घेऊन दिले. कुणी म्हणेल ती बदलली. मला वाटतं, तिने त्यांचा फॉर्म त्यांना हवा तसा भरून दिला.

ऑगस्ट १९४७मध्ये तिने ते कष्टाने मिळवलेलं हौशीपण सोडून दिलं. गोल्फच्या फिल्म्ससाठी तीन लाख डॉलर्स मिळणार अशी बातमी होती. त्या फिल्म्स काही झाल्या नाहीत. पण आता ती एकटी नव्हती. पॅटी बर्ग, लुईस सग्ज, बेटी जेमसन, मॅरिलिन स्मिथ अशा उत्तम खेळाडू होत्या, आणि त्यांनाही खेळूनच जगायचं होतं. १९४४मध्ये एक संघटना निघून ढेपाळली होती. १९५० साली तेराजणींनी मिळून एलपीजीए स्थापन केली. पहिली अध्यक्ष पॅटी बर्ग. खेळाचं सामान बनवणाऱ्या विल्सन कंपनीचा पैसा. व्यवस्थापक फ्रेड कॉर्करन, जो बेबचाही मॅनेजर होता.

ही सुरुवातीची वर्षं वाचायला फार मजा येते. या बायका मोटारींची रांग करून गावोगाव जात. कोर्सवर झेंडे कुठे लावायचे ते त्याच ठरवणार, गुण त्याच मोजणार, नियम मोडल्याचा दंडही त्याच एकमेकींना करणार. गावात बेसबॉलचा सामना असेल तर मैदानात जाऊन गोल्फचे चेंडू उडवून दाखवायचे आणि लोकांना उद्या या म्हणून सांगायचं. पैसे किती? १९४८ची महिला ओपन बेबने आठ फटक्यांनी जिंकली, त्याचे तिला १२०० डॉलर्स मिळाले. १९५४च्या महिला ओपनचं पहिलं बक्षीस २००० डॉलर्स होतं. त्याच वर्षीच्या पुरुषांच्या यूएस ओपनचं ६०००.

बेब यात सगळ्यांची लाडकी होती असं समजू नका. मी नटी आहे, तुम्ही मागचा कोरस, असं ती बाकीच्यांना तोंडावर म्हणायची, आणि लुईस सग्जचं आणि तिचं कधीच पटलं नाही. सग्ज शांतपणे, अचूक खेळायची आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो मात्र बेबचा. तिचा राग रास्त होता. पण तिकिटं कोणाच्या नावावर खपतात हे तेराही जणींना ठाऊक होतं. आणखी एक गोष्ट इथेच नोंदवतो: या तेरात एकही कृष्णवर्णीय नव्हती. अल्थिया गिब्सन, विंबल्डन जिंकलेली टेनिसपटू, १९६०च्या दशकात या टूरवर आली तेव्हा काही क्लब तिला कपडे बदलायलाही आत येऊ देत नव्हते. बेबने उघडलेलं दार तेवढंच उघडं होतं.

एप्रिल १९५३मध्ये बोमॉन्टला तिच्याच नावाची स्पर्धा झाली. ती तिने जिंकली, आणि काही दिवसांतच मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं निदान झालं. ऑपरेशनमध्ये कोलोस्टोमी करावी लागली, म्हणजे पोटावर वाट काढून तिथे कायमची पिशवी. रोग लसिकाग्रंथींपर्यंत गेला होता. हे डॉक्टरांनी जॉर्जला आणि तिची जिवलग मैत्रीण, तरुण गोल्फपटू बेटी डॉड हिला सांगितलं. बेबला सांगितलं नाही. त्या काळची पद्धत होती ती, आणि आपल्याकडे अजूनही पुष्कळ घरांत आहे. तिने गोल्फच्या काठ्या हॉस्पिटलच्या खोलीत कोपऱ्यात, डोळ्यांसमोर ठेवायला लावल्या होत्या. साधारण साडेतीन महिन्यांनी ती शिकागोजवळ टॅम ओशॅन्टरच्या स्पर्धेत खेळत होती, बेटी डॉड सोबतीला. कर्करोग हा शब्द घरातही दबक्या आवाजात उच्चारला जायचा अशा काळात तिने तो वर्तमानपत्रांत, रेडिओवर उघडपणे उच्चारला. १९५४च्या एप्रिलमध्ये कर्करोग निधीच्या मोहिमेसाठी ती व्हाइट हाउसमध्ये आयझेनहॉवरबरोबर उभी राहिली.

आणि त्या जुलैत मॅसॅच्युसेट्समधल्या पीबडीच्या सेलम कंट्री क्लबात महिला ओपन. शेवटच्या दिवशी एकाच दिवसात ३६ होल चालायची असत. पोटावर पिशवी, वय ४३. ती दमली होती आणि शेवटी शेवटी ते दिसत होतं. एकूण २९१ फटके, दुसऱ्या नंबरवरच्या बेटी हिक्सपेक्षा १२ने कमी. बारा! गोल्फमध्ये चार दिवसांच्या खेळात एक-दोन फटक्यांनी जय-पराजय ठरतो. त्या शेवटच्या ३६ होलना तिच्या जोडीला १९ वर्षांची एक हौशी मुलगी होती, मिकी राइट. पुढे ही मिकी एलपीजीएच्या ८२ स्पर्धा जिंकली. तिने हौशीपण सोडलं तेव्हा तिच्यासाठी एक टूर तयार होती, वेळापत्रक होतं, बक्षिसं होती.

१९५५मध्ये रोग उलटला. त्याही वर्षी बेब दोन स्पर्धा जिंकली. २७ सप्टेंबर १९५६ला गॅल्व्हस्टनच्या हॉस्पिटलमध्ये ती गेली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी. त्या दिवशीच्या पत्रकार परिषदेत आयझेनहॉवरने सुरुवातीलाच तिच्याबद्दल दोन शब्द सांगितले. एलपीजीएच्या नोंदीत तिच्या नावावर ४१ विजय आहेत, त्यांतले दहा सर्वांत मानाच्या स्पर्धांमधले. राष्ट्राध्यक्षांचं मेडल ऑफ फ्रीडम तिला मरणोत्तर मिळालं ते ७ जानेवारी २०२१ला, कॅपिटॉलवर हल्ला झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी, त्यामुळे फारसं कुणाच्या लक्षातही आलं नाही.

अजून एक राहिलं. १९४९च्या सुमाराला बेबने आणि जॉर्जने फ्लोरिडात टॅम्पाला एक अख्खा गोल्फ कोर्स विकत घेतला होता. शेवटची वर्षं ती तिथेच घर करून राहिली. हा कोर्स पुढे टॅम्पा शहराकडे आला आणि बेब झहारियस या नावाने सार्वजनिक कोर्स म्हणून चालला. सभासदत्व लागत नाही. फी भरायची आणि खेळायचं.